ओपेनहायमर आणि गोट्यांचे भांडे

क्रिस्टोफर नोलन यांचा 'ओपेनहायमर' २१ जुलै २०२३ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. वसईत आम्ही काही विज्ञान शिक्षक तो पाहायला गेलो, तेव्हा बाहेर पावसाने रस्ते भरले होते आणि आत अकरावी-बारावीच्या मुलांनी खुर्च्या भरल्या होत्या. तीन तासांचा इंग्रजी चित्रपट. त्यात बहुतेक वेळ माणसे खोलीत बसून बोलत असतात. तरी मुले जागची हलली नाहीत, याचे आम्हाला नवल वाटले. पुढच्या आठवड्यात वर्गात प्रश्न सुरू झाले. "सर, बॉम्ब करायचा की नाही हे आइन्स्टाइनला विचारले होते ना?" "ओपेनहायमरने एवढा बॉम्ब बनवला, मग त्याचीच चौकशी का?" आणि मागच्या बाकावरून, "आपल्या तारापूरला असाच स्फोट होऊ शकतो का?"

त्यानंतर या चित्रपटाला मार्च २०२४ मध्ये सात ऑस्कर मिळाले, आणि तो शाळेत, निदान तुकड्यातुकड्यांनी, दाखवावा का असे शिक्षकमित्र विचारू लागले. आम्ही तो पुन्हा दोनदा पाहिला. आमचे मत असे की चित्रपट म्हणून तो उत्तम आहे, पण पाठ म्हणून तो अर्धा आहे. विज्ञान शिक्षकाला जो अर्धा भाग हवा असतो, नेमका तोच त्यात नाही.

आधी चांगले ते सांगतो. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १६ जुलै १९४५च्या पहाटे झालेल्या पहिल्या चाचणीचा प्रसंग कोणत्याही भौतिकीच्या शिक्षकाने दाखवावा असा आहे. डोळे दिपवणारा प्रकाश येतो, मग शांतता, आणि प्रेक्षक विसरून जातो तेव्हा आवाज येऊन आदळतो. बहुतेक चित्रपटांत स्फोट दिसतो त्याच क्षणी ऐकूही येतो. इथे तसे नाही. नियंत्रणाचा खंदक स्फोटाच्या मनोऱ्यापासून सुमारे ९ किलोमीटर दूर होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो असे धरले तर तो पोहोचायला २६-२७ सेकंद लागतात. दिग्दर्शकाने ही शांतता बरीच ताणली आहे, पण क्रम बरोबर आहे. वीज आणि गडगडाट यांचा धडा याहून चांगला शिकवता येणार नाही.

दुसरा प्रसंग छोटा आहे आणि पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. ओपेनहायमर अधूनमधून एका काचेच्या भांड्यात आणि एका काचेच्या पेल्यात गोट्या टाकतो. भांडे युरेनियमचे, पेला प्लुटोनियमचा. इतक्या महिन्यांत इतके साहित्य तयार झाले, अजून इतके हवे, हे गोट्यांवरून कळते. आमच्या मते सगळ्या चित्रपटातला हा सर्वांत शहाणा क्षण आहे. कारण अणुबॉम्बचे खरे कोडे त्या भांड्यात होते. दिग्दर्शकाने भांडे दाखवले. गोट्या कुठून येतात ते मात्र दाखवले नाही.

हे कोडे मुलांपुढे कसे ठेवावे? आम्ही तांदळाचे हजार दाणे मोजून घेतले आणि त्यांतले सात हळदीने रंगवले. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी साधारण सातच अणू युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे असतात. मंद न्यूट्रॉनने सहज फुटून शृंखला अभिक्रिया चालवणारे ते हेच. बाकीचे युरेनियम-२३८. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते आणि त्यात २३५चे प्रमाण सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे हळदीचे दाणे हजारात सातवरून हजारात आठशेवर न्यायचे. मुले म्हणाली, वेचून काढू. मग आम्ही सांगितले की तुमचे दाणे पिवळे आहेत, निसर्गाने मात्र रंग दिलेला नाही. दोन्ही समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म एकच. कोणतेही आम्ल, कोणताही द्रावक त्यांना वेगळे करत नाही. फरक फक्त वजनात, तोही सव्वा टक्क्याचा.

हे वेगळे करण्याचे काम टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथे झाले. तिथे एक पद्धत अशी होती की युरेनियम हेक्साफ्लोराइड या वायूला बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ढकलायचे. अकरावीच्या रसायनशास्त्रातला ग्रॅहमचा नियम इथे कामाला येतो. एका रेणूचे वजन ३४९, दुसऱ्याचे ३५२. वर्गमूळ काढले की गतींचे गुणोत्तर १.००४३ येते. एका पडद्यातून गेल्यावर जास्तीत जास्त एवढाच लाभ. म्हणून पडद्यांचे टप्पे हजारांत मोजावे लागले आणि त्यांच्यासाठी उभारलेल्या इमारतीची एकेक बाजू जवळजवळ पाऊण किलोमीटर लांब झाली. दुसरी पद्धत विद्युतचुंबकीय. युरेनियमचे आयन चुंबकीय क्षेत्रातून सोडले की हलका अणू अधिक वळतो, जड कमी वळतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी पडतात. चुंबकांच्या वेटोळ्यांना तांबे हवे होते; युद्धात तांब्याचा तुटवडा. तेव्हा अमेरिकी सरकारच्या खजिन्यातून १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणून तिची वेटोळी केली. हे सांगितले की मुले एकमेकांकडे पाहतात. चित्रपटात ही चांदी नाही.

सगळ्या प्रकल्पाला त्या काळचे जवळजवळ दोन अब्ज डॉलर लागले. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक ओक रिज आणि वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड या दोन कारखान्यांवर खर्च झाले. ओपेनहायमर ज्या लॉस अलामोसचा प्रमुख होता, तिथे सुमारे चार टक्के. चित्रपटाने आपला वेळ नेमका उलट वाटला आहे. हॅनफर्ड आणि ओक रिज ही नावे कानावर पडतात, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, ही ओपेनहायमरची गोष्ट आहे, कारखान्याची नव्हे. चित्रपट काई बर्ड आणि मार्टिन शर्विन यांनी लिहिलेल्या चरित्रावर आधारलेला आहे, हे खरे. दिग्दर्शकाला आपला नायक निवडण्याचा हक्क आहे. पण मुलांच्या मनात त्यामुळे जे ठसते ते खोटे ठसते. थोर डोक्यात एक गुपित सुचते, फळ्यावर एक सूत्र लिहिले जाते आणि बॉम्ब होतो, असे त्यांना वाटते. तसे असते तर आइन्स्टाइनचे E=mc² हे १९०५चे सूत्र पुरेसे होते. हे समीकरण हिशेबाचे आहे, कृतीचे नाही. हिरोशिमाच्या बॉम्बमधून सुमारे १५ हजार टन टीएनटीएवढी ऊर्जा बाहेर पडली. मुलांना भागाकार करू द्यावा. उत्तर येते ०.७ ग्रॅम वस्तुमान. आगपेटीची काडी जळतानाही ऊर्जेच्या हिशेबाने वस्तुमान घटते. ते इतके थोडे असते की कोणत्याही तराजूला कळत नाही. काडी कशी पेटवावी हे समीकरण सांगत नाही, आणि युरेनियम कसे वेगळे करावे हेही सांगत नाही.

आइन्स्टाइनच्या बाबतीत आमचा चित्रपटावर सर्वांत मोठा आक्षेप आहे. चाचणीच्या स्फोटाने सगळे वातावरण पेट घेईल का, ही शंका एडवर्ड टेलरच्या गणितातून निघाली होती. चित्रपटात ओपेनहायमर ते गणित घेऊन आइन्स्टाइनकडे जातो. प्रत्यक्षात तो आर्थर कॉम्प्टनकडे गेला होता, आणि शंका फोल आहे हे हान्स बेथेने दाखवले. कॉम्प्टनला प्रेक्षक ओळखणार नाहीत म्हणून बदल केल्याचे दिग्दर्शकाने स्वतः सांगितले आहे. प्रेक्षकांची सोय झाली, शिक्षकांची पंचाईत झाली. लिओ झिलार्डच्या पुढाकाराने लिहिलेल्या २ ऑगस्ट १९३९च्या पत्रावर आइन्स्टाइनने सही केली, पण या प्रकल्पात तो कधीच नव्हता. लष्कराने १९४० मध्ये त्याला गुप्त कामासाठी परवानगीच नाकारली होती. पहिल्या बाकावरचा प्रश्न इथून आला होता.

आता पुन्हा ओक रिजकडे. चुंबकीय यंत्रांच्या फलकांपुढे उंच स्टुलांवर बसून काटे जागेवर ठेवण्याचे काम आसपासच्या गावांतल्या तरुण मुली करत होत्या. बऱ्याच नुकत्याच शाळा संपवून आलेल्या. काटा इकडे गेला तर ही कळ, तिकडे गेला तर ती, एवढेच त्यांना शिकवलेले. आपण काय बनवतो हे त्यांना सांगितले नव्हते, आणि विचारण्याची मुभा नव्हती. उत्पादनाची चढाओढ लावली तेव्हा त्यांनी पदवीधर शास्त्रज्ञांना मागे टाकले. शास्त्रज्ञ काटा का हलला याचा शोध घेत बसत. मुली काटा जागेवर आणत. काय बनवत होतो, हे त्यांना ६ ऑगस्ट १९४५ रोजी बातमी आली तेव्हा कळले.

हे सांगत असताना एक विद्यार्थी म्हणाला, "माझे बाबाही तसेच करतात." त्याचे वडील वालीवच्या एका गाळ्यात लेथवर आहेत. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या भागात असे हजारो गाळे आहेत हे आमच्या इथल्या वाचकांना सांगायला नको. जॉबवर्क येते, बरोबर ड्रॉइंग येते. माप शतांश मिलिमीटरपर्यंत बरोबर हवे. तो भाग कोणत्या यंत्रात बसणार, ते यंत्र कुठे जाणार, हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते आणि कोणी विचारतही नाही. मुलाने तक्रार म्हणून सांगितले नव्हते, वडिलांच्या हातातल्या कसबाचा अभिमानच त्याच्या बोलण्यात होता. त्या तासाला आम्ही पुढे फारसे काही शिकवले नाही. आपण केलेल्या कामाचे पुढे काय होते हे विचारण्याचा हक्क कोणाला आणि जबाबदारी कोणाची, यावर मुलेच वीस मिनिटे बोलली. थोर शास्त्रज्ञाची व्यथा पाहून ही चर्चा झाली नव्हती. ती स्टुलावरच्या मुलींमुळे झाली.

एका मुलीने वेगळेच विचारले. सात दाणे घेतले, मग उरलेल्या ९९३ दाण्यांचे काय? याचे उत्तर हॅनफर्डमध्ये आहे. अणुभट्टीत युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळतो आणि दोन पायऱ्यांनी त्याचे प्लुटोनियम होते. ते रासायनिक पद्धतीने वेगळे काढता येते. नागासाकीच्या बॉम्बमध्ये असे सुमारे सहा किलो प्लुटोनियम होते. सप्टेंबर १९४४ मध्ये हॅनफर्डची पहिली मोठी भट्टी सुरू झाली आणि काही तासांत आपोआप मंदावत बंद पडली. मग काही तासांनी पुन्हा जागी झाली. विखंडनातून तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन शोषून घेत होता. त्याचा अर्धायुकाल नऊ तासांच्या आसपास, म्हणून तो विरला की भट्टी पुन्हा चाले. उपाय होता जास्त इंधन घालण्याचा, आणि त्यासाठी जागा होती. शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या १५०० नळ्यांऐवजी ड्युपाँट कंपनीच्या अभियंत्यांनी २००४ नळ्यांची सोय करून ठेवली होती. या जादा खबरदारीबद्दल आधी त्यांच्यावर टीका झाली होती. अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना ही हकिकत जरूर सांगावी. तिच्यावर स्वतंत्र चित्रपट होऊ शकेल.

याच हॅनफर्डसाठी १९४३ मध्ये सुमारे दीड हजार माणसांना थोड्या मुदतीत घरे-बागा सोडाव्या लागल्या. लॉस अलामोसची जागा मात्र चित्रपटात जवळजवळ निर्मनुष्य पठारासारखी दिसते. चाचणीच्या जागेभोवती वस्ती होती. तिला आधी सूचना मिळाली नाही, किरणोत्सारी धूळ मात्र मिळाली. न्यू मेक्सिकोतल्या या लोकांचा भरपाईच्या कायद्यात समावेश व्हायला २०२५ साल उजाडले.

आता हिरोशिमा. चित्रपटात हिरोशिमा दिसत नाही. ओपेनहायमर टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीपुढे भाषण करतो आणि त्याला समोरच्या तरुणीच्या चेहऱ्यावरची कातडी सोलून निघाल्याचा भास होतो. नंतर हिरोशिमाची छायाचित्रे पडद्यावर दाखवली जातात तेव्हा तो मान फिरवतो आणि आपल्याला फक्त त्याचा चेहरा दिसतो. पुष्कळ समीक्षकांनी याची बाजू घेतली: जे नायकाने पाहिले नाही ते आपणही पाहू नये. चित्रपटापुरते आम्ही हे मान्य करतो. शाळेपुरते मान्य करता येत नाही, आणि याचे कारण विशेषतः शिक्षकांनी ऐकावे असे आहे.

त्या दिवशी हिरोशिमात हवाई हल्ल्यांच्या आगी पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम चालू होते. कामावर होती शाळकरी मुले. बहुतेक बारा-तेरा वर्षांची, म्हणजे आपल्या सातवी-आठवीतली. सकाळी सव्वाआठला ती उघड्यावर, शहराच्या मध्यभागी, रांगा करून उभी होती. बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, आपल्या तुंगारेश्वरच्या डोंगरमाथ्याइतक्या उंचीवर म्हणा. या कामावर असलेल्या मुलांपैकी सहा हजारांहून अधिक मरण पावली. आम्ही हे सांगितल्यावर वर्गातून प्रश्न आला, त्यांच्याबरोबर शिक्षक होते का. होते.

वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, नागासाकीत ७० हजारांच्या घरात. हे आकडे पाठ होतात आणि विसरले जातात. म्हणून आम्ही नकाशा घेतला. नालासोपारा स्थानकावर कंपासचे टोक ठेवून दोन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. हिरोशिमात या अंतराच्या आत लाकडी घरे जवळजवळ सगळी कोसळली किंवा जळाली. नालासोपाऱ्याहून एकीकडे वसई रोड आणि दुसरीकडे विरार, दोन्ही रेल्वेने साधारण चार-चार किलोमीटर. म्हणजे वर्तुळ दोन्ही बाजूंना निम्म्या वाटेपर्यंत जाते. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यापुढचा गुणाकार आम्ही मुलांना करू दिला नाही. प्रमाणासाठी दुसरी एक मोजपट्टी दिली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती. त्या जहाजाच्या दोन स्फोटांनी गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. हिरोशिमाचा बॉम्ब त्याच्या दहापटींहून अधिक होता, आणि तो एका विमानातून आला.

लक्ष्य निवडण्याच्या बैठकीचा प्रसंग चित्रपटात अंगावर काटा आणतो. युद्धमंत्री स्टिमसन क्योटोचे नाव यादीतून काढायला लावतो. हे खरे घडले. आपण मधुचंद्राला तिथे गेलो होतो, असे तो कारण देतो. हे खरे नाही. त्याचे लग्न १८९३ मध्ये झाले आणि क्योटो त्याने पाहिले १९२०च्या दशकात. प्रसंग खरा, त्याला चिकटवलेली गंमत खोटी. अशा जागा मुलांकडून शोधून घ्याव्यात. इतिहासाच्या शिक्षकांनी इथे मदत करावी.

आणि एक माणूस चित्रपटातून पूर्ण वगळला आहे. जोसेफ रॉटब्लाट हा पोलंडमध्ये जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ लॉस अलामोसमध्ये होता. हिटलर बॉम्ब बनवील या भीतीने तो आला होता. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे १९४४च्या अखेरीस स्पष्ट झाले तेव्हा तो काम सोडून इंग्लंडला परतला. युद्ध चालू असताना विवेकाला स्मरून बाहेर पडलेला तिथला तो एकच शास्त्रज्ञ मानला जातो. पुढे त्याला १९९५चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो गाळल्यामुळे पडद्यावर असे दिसते की एकदा कामाला लागल्यावर शास्त्रज्ञापुढे पश्चात्तापाशिवाय काही उरत नाही. मोठी माणसे नंतर हळहळतात एवढेच मुले शिकली तर आपले चुकले.

आपल्याकडे या चित्रपटावरून गदारोळ झाला तो भगवद्गीतेच्या एका प्रसंगावरून. त्यात आम्ही पडत नाही. इतकेच म्हणतो की ओपेनहायमर आर्थर रायडर या प्राध्यापकाकडे संस्कृत शिकला होता, आणि अकराव्या अध्यायातल्या ज्या वचनाचा तो उल्लेख करी त्यातल्या 'काल' या शब्दाचा त्याने 'मृत्यू' असा अर्थ केला. मराठीत काळ म्हणजे वेळही आणि मरणही, त्यामुळे आपल्याला यात अडखळायला होत नाही. हे वचन चाचणीच्या क्षणी आठवल्याचे त्याने १९६५ मध्ये दूरदर्शनच्या कॅमेऱ्यापुढे सांगितले. त्याच्या शेजारी असलेल्या भावाला मात्र इतकेच आठवत होते की ते 'जमले' अशा अर्थाचे काहीतरी बोलले.

एकनायकी गोष्टीची सवय आपल्यालाही आहे. डॉ. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून भौतिकी संशोधनाची संस्था मागितली आणि अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल तेव्हा तज्ज्ञ देशातच असतील असे म्हटले. हिरोशिमाच्या सतरा महिने आधीचे हे पत्र आम्ही दरवर्षी विज्ञान दिनाला सांगतो. त्याच संस्थेत अनेक वर्षे काम केलेले गोव्याचे गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्ती भारताला योग्य असे सांगत राहिले, हे मात्र आम्ही आजवर एकदाही सांगितलेले नव्हते.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. तारापूरला १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५चे प्रमाण दोन-अडीच टक्के, म्हणजे हजार दाण्यांत वीस-पंचवीस हळदीचे. एवढ्यावर बॉम्बसारखा स्फोट होत नाही, हे भौतिकीचे सरळ उत्तर आहे आणि ते निःशंकपणे द्यावे. पण तिथे थांबणे म्हणजे मुलाला अर्धे उत्तर देणे. भट्टी बंद केल्यावरही इंधनात उष्णता निर्माण होत राहते. ती काढून नेणारे पाणी थांबले की काय होते ते मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला दिसले, आणि तिथली पहिली भट्टी तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्याच जातीची, उकळत्या पाण्याची होती. शिवाय तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. बोईसर आमच्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. तांदळाचे दाणे, नकाशा आणि गोट्यांचा तो प्रसंग यांना मिळून दोन तासिका लागल्या. तिसरी तासिका आम्ही तारापूरसाठी ठेवली आहे, आणि त्या दोन गावांतून आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वर्गात बोलावण्याच्या खटपटीत आहोत.